बुद्ध्यांकाचे दोन कागद

मंडळी, दुपारी वर्तकनगरला आईचं कपाट आवरताना १९८९ चे दोन कागद मिळाले. दोन्ही माझ्या बुद्ध्यांक चाचणीचे. पहिल्यात चौऱ्याऐंशी, दोन महिन्यांनंतरच्या दुसऱ्यात एकशे सात.

पहिली चाचणी मला आठवते. हरतालिका होती, आईने निर्जळी उपास धरायला लावलेला. अक्षरं डोळ्यांपुढे फिरत होती. शाळेच्या मोठ्या बाईंनी त्याच आकड्यावर मला सहावीत 'अ' तुकडीतून थेट 'ड'मध्ये टाकलं.

"आई, दुसरा कागद शाळेत का नाही दाखवला?"

"तुझे बाबा म्हणाले, मोठ्या बाईंना खोटं कशाला पाडायचं."

'ड' तुकडीचा तो शिक्का खरा मानून मी लेकीला कायम सांगत आले, गणित आपल्या रक्तातच नाही. तिने ऐकलं आणि आर्ट्स घेतलं.

आता तिला काय सांगू?