देह पापाचा, पंगत त्यांची

बाईंनी माझी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि भरल्या हॉलला माझा व्रण उठलेला हात दाखवला. साडीच्या दुकानात पदर उलगडून दाखवतात, अगदी तसा.

"बघा. स्वतःच्या हातानं केलंय हिनं. देवानं दिलेल्या देहाचा हा मान!"

हिमायतनगरातला त्यांचा नवा फ्लॅट. गुरुवारचं प्रवचन. बायकांच्या माना एकदम पुढे आल्या. एवढ्या उत्सुकतेनं त्यांनी गुरूंच्या पादुकाही कधी पाहिल्या नव्हत्या.

माझी आई तिथली स्वयंपाकीण. आत पुऱ्या तळत होती. मला दवाखान्यात न्यायला तिनं सुट्टी मागितली, वर भाबडेपणानं कारणही सांगितलं. त्याचा हा प्रसाद.

मी तेव्हा विशीतली. शहरात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघालेले, आणि मी त्यातल्या एकात नापास. दर गुरुवारी महाराज सांगत, देह म्हणजे पापाची मोट. ऐकून सगळे डोळे पुसत आणि जिलेब्यांवर तुटून पडत. मीच एक वेडी. मी खरं मानलं. नापास झाले, पाप. पाळीत समईला हात लागला, पाप. शिक्षा द्यायला देव काही येईना, म्हणून मीच द्यायला लागले. मग हात जोडून विचारायची, देवा, आता तरी फिटलं का?

कधीच फिटायचं नाही.

"डॉक्टर कशाला?" बाई म्हणाल्या. "वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलीस तर लग्न जमेल का? चातुर्मासभर एकदाच जेव. देह झिजला की मन ताळ्यावर येतं."

आई दारात आली. "हौ म्हण, माय. हौ म्हण आन् चूप बस."

बाईंनी संकल्पाचा नारळ माझ्या हातात दिला.

समोर सोफ्यावर त्यांचा मुलगा. त्याला अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. नवस फेडायला त्यानं तळहातावर कापूर जाळला होता. टरारून फोड आलेला. त्या फोडाला बायका नमस्कार करत होत्या, व्हिडिओवाला जवळून शूटिंग घेत होता. आणि मलम? ते फॅमिली डॉक्टरनं घरी येऊन लावलं होतं.

"काकू, दादाला डॉक्टर आन् मला उपास?"

"त्यानं देवासाठी केलं!"

"मी पण देवासाठीच केलं."

जिलेबीची बशी फिरत होती, ती थांबली. महाराजांनी डोळे मिटले. त्यांना ते छान जमायचं.

मी नारळ टीपॉयवर ठेवला. पहिल्या पंगतीची पानं मांडलेली होती. आम्ही शेवटी जेवायचो, उरलंसुरलं. त्या पंगतीतल्या पहिल्याच पाटावर मी बसले, मांडी घालून.

"आई, वाढ."

"ऊठ तिथून!" बाई ओरडल्या.

आईनं एकदा बाईंकडे पाहिलं. पण पुरी माझ्याच पानावर पडली.

आईचं काम गेलं. मी दवाखान्यात गेले, भरल्या पोटी. लगेच काही बरी झाले नाही. नंतरही हातून घडलं, आणि प्रत्येक वेळी मी तिथल्याच डॉक्टरकडे गेले. देवाला मी अजून मानते. पण त्याच्या नावानं कुणी पोरीच्या अंगाला पाप म्हणालं, की मी भर सभेत उठून उभी राहते. कार्यक्रम मोडला तर मोडू दे. मी मोडणारच.