सदतीस नंबरची कमेंट

"थांबा, हे आपण सगळे मिळून वाचू या," असं म्हणून टीम लीडने माझी कमेंट भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर घेतली. खराडीच्या ऑफिसातली सोमवारची मीटिंग. चौदा माणसं. त्याने माझं इंग्रजी माझ्याच हेलात वाचलं. जिथे क्रियापद चुकलं होतं तिथे थांबला, वर बघितलं, पुन्हा वाचलं. सगळे हसले. शेजारची मुलगीही हसली, मग माझ्याकडे बघून वहीत बघू लागली.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांसाठी आहे. एकाच पेशंटची दोनदा नोंद होत होती. ती का होते, यावर आमच्या तक्रारींच्या पानावर चर्चा चालू होती. कुणीही तिथे लिहावं, असं म्हणायचे. मी टेस्टर, नोकरीला लागून चार महिने झालेले. सदतीस नंबरला मी लिहिलं होतं: नेट गेलं की माणूस पुन्हा बटण दाबतो, औषधाच्या चिठ्ठीलाही हे होईल. मला ते दिसलं, कारण मी भंडारा जिल्ह्यातल्या गावात वाढले. तिथे नेट येतं-जातं. फॉर्म भरला आणि नुसतं चक्र फिरत राहिलं की आम्ही सगळेच दुसऱ्यांदा बटण दाबतो.

"तुमच्याकडे होत असेल," तो म्हणाला. "आपण टेस्टिंग करा. कारणं शोधायला इथे माणसं ठेवलीयत."

माणसं. म्हणजे मी कोण?

मग त्याने माझी कमेंट मिटली. लीडने 'विषयांतर' असा शिक्का मारला की कमेंट घडी घालून आत जाते, एक फिकट ओळ तेवढी उरते. ती उघडून वाचायची तसदी कुणी घेत नाही.

तो कसब्यातला. मराठी स्वच्छ, आवाज कधी चढत नाही, तोंडात शिवी नाही. पहिल्याच दिवशी त्याने माझं आडनाव विचारलं होतं आणि ऐकून "अच्छा" म्हणाला होता. तो 'अच्छा' मी शाळेपासून ओळखते. वाटायचं, कॉम्प्युटरला आडनाव कळत नाही, तिथे पोचलो की सुटलो. कॉम्प्युटरला कळत नाही हे खरंच. शिक्का मारणारा हात माणसाचा असतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वर्षभर प्रोबेशन होतं आणि कायम झाल्याचं पत्र त्याच्या सहीने निघतं. आई फोनवर एकच सांगायची, "टिकून राहजो बाई. वापस नको येऊ." वापस म्हणजे मामाने बघून ठेवलेलं स्थळ. इकडे आड, तिकडे विहीर. कर्वेनगरच्या खोलीतून निघायचं, दोन बस बदलायच्या आणि रोज त्याच्याच समोर जाऊन बसायचं.

चर्चा आठ महिने चालली. तीनशेवर कमेंटी झाल्या. आधी सर्व्हरवर संशय, मग डेटाबेसवर, मग दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या बायकांवर. दोनशे एक्क्याण्णव नंबरला त्याने लिहिलं की नेट तुटल्यावर फॉर्म दोनदा जातो. त्याखाली सगळ्यांनी अंगठे वर केले. मीही केला. लिहिताना लाज वाटते, पण केला.

पुढे नव्या माणसांना त्या पानात काही सापडेना. म्हणून मॅनेजरने ठरवलं, लांबलेल्या प्रत्येक चर्चेच्या वर एक सारांश लावायचा. अडचण काय, काय करून पाहिलं, काय ठरलं, कुणाच्या लक्षात आलं. प्रत्येकापुढे त्या त्या कमेंटची लिंक. काम माझ्याकडे आलं.

"आपल्याला लिहायची हौस आहे ना," लीड म्हणाला.

मी सगळं वाचलं. घडी घातलेल्या सोळा कमेंटीही उघडल्या. सगळ्या टेस्टरांच्या आणि फोनवर तक्रारी घेणाऱ्यांच्या. एकही डेव्हलपरची नाही. मी सारांशात लिहिलं: कारण प्रथम सदतीसमध्ये.

"सदतीस काढा," तो म्हणाला. "दोनशे एक्क्याण्णव घ्या. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो."

मी काढलं. माझ्याच हाताने.

दोन दिवसांनी सांगलीहून नवी आलेली डेव्हलपर माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "अगं, सारांश छान झालाय, पाच मिनिटांत समजलं. पण हे आधी कुणाला सुचलं? औषधाची चिठ्ठीपण दोनदा निघतीय. त्याबद्दल कुणी काही लिहिलंय का?"

"सरांना सुचलं," मी म्हणाले. "चिठ्ठीचं कुणी लिहिलं नाही."

ती गेली आणि मला माझीच किळस आली. त्या मीटिंगमध्ये त्याने माझा अपमान केला होता. आज तो मी केला. आणि तिकडे कुठल्या तरी दवाखान्यात एखाद्या म्हातारीच्या हातात दुहेरी औषध पडणार होतं.

मी उठून तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "खोटं बोलले. मी लिहिलं होतं. सदतीस नंबर." तिच्यासमोरच सारांशात सदतीस परत टाकलं, माझ्या नावासकट. ती लगेच चिठ्ठीच्या दुरुस्तीला लागली.

तासाभरात लीडच्या केबिनमध्ये बोलावणं आलं.

"सदतीस परत कशी आली?"

"मी आणली."

"तुमचं पत्र या आठवड्यात निघतंय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग काढा."

"नाही काढणार."

शब्द पुरते बाहेर आले.

त्याने स्वतः काढलं. पण त्या पानावर कुणी काय काढलं याची नोंद राहते, ती त्यालाही पुसता येत नाही. मी पुन्हा टाकलं. त्याने पुन्हा काढलं. आत्तापर्यंत चार वेळा झालंय. माझं प्रोबेशन आणखी तीन महिने वाढवलं. कारण दिलंय, संवादकौशल्य कमी.

खोली तीच, बस त्याच, केबिनही तीच. आई विचारते, कायम झालीस का? नाही म्हणून सांगते.

आता नवी चर्चा हातात आली की मी आधी मिटलेल्या कमेंटी उघडते. कुणी लिहिलंय ते बघते आणि सारांशात नावानिशी घालते. तो खोडतो, मी लिहिते. तीन महिन्यांनी मला काढतील, बहुतेक काढतीलच. काढायचं तर त्यांनी काढावं, त्यांच्या सहीने. माझं नाव माझ्या हाताने मी पुन्हा काढणार नाही.