बांधू नका म्हणणारी नसीम

दुपारच्या गोळ्यांची वेळ होती. ट्रे घेऊन मी वॉर्डात फिरत होते, तेव्हा सलीमचा फोन आला. सलीम म्हणजे नसीमचा धाकटा भाऊ. इंदापूरला त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. “ताई, आपा गेली,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी ट्रेमधल्या उरलेल्या गोळ्या वाटल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या दवाखान्याच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. सेवाभावाची मूर्ती, मायेची सावली, रुग्णांची आई. ज्यांनी तिला या वॉर्डातून घालवलं, त्यांचेही हात त्यात जोडलेले होते. नसीम मणेर कुणाची सावली नव्हती, आई तर मुळीच नव्हती. ती मानसोपचाराची नर्स होती, आणि चांगलीच भांडखोर होती.

बारामतीतल्या या खाजगी मनोरुग्णालयात आम्ही एकाच वर्षी लागलो. मी पणदऱ्याची, साधी नर्सिंग केलेली. ती मानसोपचार परिचर्येत पुढचं शिक्षण घेऊन आलेली आणि ते कुणालाही विसरू न देणारी. डबा खाताना डाव्या हातात मोबाइल धरून कुठल्यातरी संशोधनाचा लेख वाचायची आणि मध्येच घास थांबवून मला सांगायची, की आपण रोज करतो ते अमुक काम कशाच्या आधारावर करतो, माहितीये का? बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं, आधीच्या सिस्टर करायच्या म्हणून. तिला याचा मनस्वी राग होता. रोग्याची कीव करणारी माणसंही तिला आवडत नसत. कीव आली की माणूस विचार करायचं थांबवतो, असं ती म्हणे. काळजी घेणं हे तिच्या लेखी काम होतं, आणि कामाबद्दल ‘का’ असं विचारता आलंच पाहिजे. शिवाय ज्याची काळजी घ्यायची त्यालाही विचारलं पाहिजे, हा तिचा आणखी एक हट्ट. वेड्यांना काय विचारायचं, म्हणून मागे सगळे हसायचे.

निरवांगीचा दत्ता आला त्या दिवशी मी पोर्चमध्येच होते. जीपच्या मागच्या सीटवर त्याला दावणीच्या कासऱ्याने बांधून आणलं होतं. मनगटं सोलपटली होती. त्याला कानात बोलणी ऐकू यायची आणि त्या बोलण्यांना तो रात्रंदिवस उत्तरं द्यायचा. वॉर्डबॉय त्याला तसाच उचलून आत न्यायला निघाले, तर नसीम आडवी आली. आधी दोरी सोडा म्हणाली. दत्ताचे वडील, आबा, हात जोडून विनवायला लागले.

“सोडलं तर पळंल, बाई. वाटंत जीपमधनं उडी टाकाय गेला हुता.”

“आबा, तुमी हितं सावलीला बसा. पळाला तर मी जबाबदार.”

ती जीपच्या पायरीवर बसली, दत्ताकडं न बघता. त्याला तिची सवय होईपर्यंत थांबली. मग तिने विचारलं, सगळ्यात जास्त तरास कशाचा होतोय? मला वाटलं, तो आवाजांचं सांगेल. तो म्हणाला, “हात दुखत्यात.” मग आधी हातांचंच बघू, असं म्हणून तिने स्वतः गाठी सोडल्या. दत्ता पळाला नाही. पाणी प्याला, तिच्या मागोमाग चालत आत गेला. आबा मात्र तिथंच बसून त्या कासऱ्याचं वेटोळं करत राहिले, रडत.

त्यानंतरचे काही महिने आमच्या वॉर्डाचे सगळ्यात बरे दिवस होते. माणूस भडकायच्या आधी काय होतं हे ती आम्हाला बघायला लावायची. कोण येरझाऱ्या घालतो, कोण जेवण नाकारतो, कुणाला गर्दी नको असते. ते दिसलं की लगेच जाऊन बोलायचं, शांत जागी न्यायचं, एकाच माणसाने बोलायचं, बाकीच्यांनी घोळका करायचा नाही. तिकडं परदेशात हे चालतं, इथं चालतं का ते आपण आपल्या डोळ्यांनी बघू, असं तिचं म्हणणं. आणि चाललं. रोग्यांना बांधायचे पट्टे कपाटातच राहायला लागले. याचं कौतुक वरपर्यंत कधी गेलं नाही, कारण न घडलेल्या गोष्टी कुणाला दिसत नाहीत.

घडलेली मात्र लगेच दिसली. एका रविवारी माणसं कमी होती. दत्ताने इंजेक्शन नको म्हटलं, आणि नसीम येईपर्यंत थांबायचं सोडून चौघा वॉर्डबॉयांनी त्याला कोपऱ्यात दाबलं. ती धावत आली, मध्ये पडली आणि त्याच्या कोपराने तिचा पुढचा दात पडला. तोंडाला रुमाल लावून ती म्हणत होती, त्याच्यावर कुणी हात उचलू नका, चार माणसं अंगावर आली तर मीही हेच केलं असतं... तिचं कुणी ऐकलं नाही. दत्ताला पलंगाला बांधलं. त्याच आठवड्यात आदेश निघाला, की अस्वस्थ वाटणारा प्रत्येक रोगी दाखल होतानाच बांधायचा. ती व्यवस्थापकांच्या खोलीत गेली. मी बरोबर होते. तिने विचारलं, याला आधार काय? बांधल्याने दुखापती कमी होतात याचा पुरावा कुठाय? साहेब हसले.

“तुमचा दातच पुरावा आहे, सिस्टर.”

“एका दातावर नियम करताय?”

साहेबांनी पुढची फाइल उघडली. पंधरवड्यात तिची बदली बाहेरच्या खिडकीवर झाली, केसपेपर देण्यासाठी. एवढं शिकलेली बाई दिवसभर नावं विचारत बसायची. दत्ताला आबा घेऊन गेले, ते पुन्हा आले नाहीत. तो कुठं आहे, कसा आहे, हे मला आजही माहीत नाही. तिलाही कळलं नाही, आणि ते तिला दातापेक्षा जास्त लागलं.

तिने नोकरी सोडली आणि एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागली. मला वाटलं, आता सुखी होईल. भेटली की कडवट हसायची. काळजीची तत्त्वं मुली घडाघडा म्हणतात, परानुभूतीवर दोन पानं लिहितात, पैकीच्या पैकी मार्क घेतात आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन गाठ मारायला शिकतात, असं सांगायची. मी म्हटलं, एखादी तरी निघेल. ती म्हणाली, “निघंल की. तिलाबी खिडकीवर बसवतील.”

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ झाली, ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग रक्तात पसरला. पुण्याला हलवलं. मी भेटीच्या वेळी आयसीयूत गेले. तापाने तिला भ्रम झाला होता, नळ्या ओढत होती, म्हणून दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेले. मीही नर्स आहे. नळी निघाली तर जीव जातो हे मला कळतं, आणि तिथं ड्युटीवर असलेल्या नर्स पोरीच्या वाट्याला किती पलंग होते तेही मी पाहिलं. पण तिच्याजवळ कुणी बसून बघितलं होतं का, मोकळ्या हाताला हात देऊन बघितलं होतं का, हे विचारल्यावर त्या पोरीने बाकीच्या पलंगांकडं बोट दाखवलं. मी आहे तोवर सोडा म्हटलं. तिने सोडले. नसीमने माझी बोटं घट्ट धरली आणि अगदी शांतपणे विचारलं, “उषा, मी काय केलंय?”

बांधलेला प्रत्येक रोगी हेच विचारतो. मी तिला सांगत राहिले, तू काही केलेलं नाहीस, तुला बरं नाही, मी इथंच आहे... वेळ संपली. मला बाहेर काढलं. दारातून वळून बघितलं तेव्हा ती पोरगी पुन्हा पट्टे आवळत होती. त्यानंतर आमची भेट नाही; तिसऱ्या दिवशी दुपारी सलीमचा तो फोन आला.

मातीला मी गेले होते, पण घरी निवांत गेले ते दोन आठवड्यांनी. इंदापूरच्या दुकानात नसीमची आई एकटीच बसली होती. मी त्यांना अम्मा म्हणते. चहा झाला. बराच वेळ त्या सलीमच्या मुलांचं काहीबाही सांगत होत्या. मग एकदम म्हणाल्या, नसीमला मय्यतीची आंघोळ मीच घातली.

“तिच्या दोनी मनगटांवर वळ हुते, उषा. आख्खा जलम मी बायकांची मनगटं धरली. बांगडीनं असा वळ न्हाय पडत.”

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. सलाईनचे असतील म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण नसीमच्या बाबतीत तेवढं तरी खरं बोलावं असं वाटलं. बांधले होते, अम्मा, असं मी सांगितलं. का बांधले तेही सांगितलं.

त्यांनी मान हलवली. “तितं सोडणारं कुणी न्हवतं?”

 तेवढ्यात एक नवी नवरी बांगड्या भरायला आली. अम्मांनी डोळे पुसले, समोरचा पाट पुढं ओढला आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. पोरगी घाबरून मूठ आवळून बसली होती. अम्मा बांगडी चढवायची घाई न करता तिच्या पंजाला हलकेच दाबत राहिल्या आणि म्हणाल्या, “हात ढिला सोड, बाळा. मी हाय हितं.”

मी दचकले. वॉर्डात सुई टोचण्याआधी नसीम प्रत्येक रोग्याला हेच म्हणायची, अगदी याच आवाजात, आणि त्याची मूठ आपोआप उघडेपर्यंत थांबायची. मला वाटायचं, हे ती कुठल्यातरी पुस्तकात शिकलीय...

पोरीची मूठ उघडली. हिरवी बांगडी मनगटावर उतरली. आमच्या वॉर्डात आता असं थांबायला कुणी नाही.