सावंतकाकूंचा संशय

पहिल्याच दिवशी त्यांनी मला फाटकाशी अडवलं. मी लेकीला, मिथिलाला, खो-खोच्या सरावावरून न्यायला आले होते. "तू कोण?" "मिथिलाची आई." त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही, मिथिलाला विचारलं, "ही तुझी आई ना गो?" ती हो म्हणाली, तेव्हाच मला वाट मिळाली.

सावंतकाकू पालिकेच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या आया. मुंबईत, चारकोपच्या आमच्या क्रीडा मंडळात त्यांची नात खेळायची, आणि काकू रोज मैदानाच्या पायरीवर बसून असायच्या. माझा नवरा मुलींचे फोटो काढू लागला, तर त्यालाही त्यांनी फोन खिशात ठेवायला लावला. पालक मागून त्यांना 'सीआयडी' म्हणायचे. मीसुद्धा.

त्यांचं सगळ्यांत जास्त लक्ष सरांवर. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. त्यांनी तयार केलेल्या मुली राज्य पातळीवर खेळलेल्या, आम्ही त्यांना डोक्यावर घेतलेलं. ते एकेका मुलीला व्यायाम शिकवायला साहित्याच्या खोलीत नेत. काकूंनी विचारलं, "दार कित्याक लावतास?" सर आधी हसले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडले. "इचारल्यार ज्याका राग येता, त्याच्यार नजर ठेवची," काकू मला म्हणाल्या.

सरांनी मंडळाच्या समितीकडे काकूंची तक्रार केली. सरावाच्या वेळी पालकांनी आत थांबू नये, अशी सूचना फलकावर लागली. मी मंडळाची चिटणीस. खाली सही माझी होती. दुसऱ्या दिवसापासून काकू फाटकाबाहेर उभ्या राहू लागल्या.

तिथूनच त्यांना एक मुलगी दिसली. तिचं खरं नाव लिहीत नाही, रुचा म्हणू. वय चौदा. सर जवळ आले की तिचं हसणं थांबायचं. काकूंनी तिला काही विचारलं नाही. सराव सुटला की बसस्टॉपवर तिच्या शेजारी बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या. पंधरा दिवसांनी रुचा स्वतःच सरांबद्दल, त्या खोलीबद्दल बोलली. काकूंनी खोदून विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "सांगलंस ता बरा केलंस. तुझी कायच चूक नाय."

त्याच संध्याकाळी त्या रुचाच्या आईला घेऊन माझ्याकडे आल्या. मी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी आपसात बोलू या. मंडळाचं नाव जाईल." काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. "नाव तर पोलिसांच्या कागदार येतलाच. बरा येवचा की वायट, ता तुमी ठरवा."

आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. नंतर आणखी दोन मुली बोलल्या. सरांना अटक झाली, खटला अजून चालू आहे. त्या दोघींतली एक, मी सही केल्यानंतर त्या खोलीत गेली होती. हे मला विसरता येत नाही.

गेल्या वर्षी काकू कायमच्या गावी निघाल्या. मी भेटायला गेले, माफी मागू लागले. त्यांनी मला थांबवलं. "माझी कित्याक मागतंस? रुचाक जावन भेट."

मी गेले. रुचानेच दार उघडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती 'आत या ना' म्हणाली, पण काकूंचा बंद दाराबद्दलचा प्रश्न आठवून मी बाहेर, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर उभी राहिले आणि तिथूनच, हळू आवाजात तिची माफी मागितली.