सुखदेवची हाक

सुखदेव फौजेतून परतला तो मोडलेलं नाक आणि बॉक्सिंगचं वेड घेऊन. सौसरला पाण्याच्या टाकीवर त्याला नोकरी लागली. आईबाप गेलेले. धाकट्या श्रावणला त्यानंच मोठं केलं आणि आपल्याला येत होतं तेवढं सगळं शिकवलं. बुद्धविहारामागच्या मैदानात रोज सकाळी दोघा भावांचे मुक्के चालत. सुखदेव "खाली!" म्हणाला रे म्हणाला, की श्रावणचं डोकं वाकलंच. हाक त्याच्या हाडात मुरली होती.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात नागपूरला किक-बॉक्सिंगचे सामने ठरले. श्रावणनं नाव दिलं. पांढुर्ण्याला कराटे शिकवणाऱ्या वामननं त्याचा पवित्रा पाहिला आणि मान हलवली.

"सुखदेवभाऊ, हा पुढच्या पायावर सारा भार टाकून राहिला. मांडीवर लाथ बसली का खाली बसन. अन् वाकाचं त बिलकुल नाही. वाकलेलं डोकं लाथेले आयतंच भेटते."

चाळिशीचा सुखदेव भावाबरोबर नव्यानं उभं राहायला शिकला. अंग तिरपं नाही, समोर वळलेलं. पाठ ताठ, हात गालापाशी, पुढचा पाय लाथ येताच उचलता येईल इतका हलका. मांड्या सुजायच्या. दोघं एकमेकांना हळद लावून देत आणि हसत.

नागपूरला पहिल्या फेरीत श्रावण सुरेख खेळला. प्रत्येक लाथ पाय उचलून अडवली, एकदाही वाकला नाही. दुसऱ्या फेरीत समोरच्यानं उजवा मुक्का उगारला आणि दोरीबाहेरून सुखदेव ओरडला, "श्रावण, खाली!"

श्रावण वाकला. मुक्का नुसती हुलकावणी होती. लाथ सरळ डाव्या डोळ्यावर बसली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळा गेला.

"माहा काढून घ्या साहेब," सुखदेव म्हणाला. "त्याले लावून द्या."

तसं होत नाही, हे डॉक्टरांनी त्याला दोनदा समजावलं. तो तरी हात जोडून उभाच.

शुद्धीवर आल्यावर श्रावणनं त्याचा हात चाचपडून धरला. "भाऊ, तू नसता बोलला तरी मी वाकलोच असतो. अंगालेच सवय हाये."

पोरगं आपल्यासाठी खोटं बोलून राहिलं, हे सुखदेवला कळत होतं. त्यानं मान भिंतीकडे फिरवली.

पुढं श्रावणला बोरगावच्या कारखान्यात काम मिळालं. वर्षभरानं तो विहारामागं पोरांना शिकवू लागला. पहिल्या दिवशी म्हणाला, "भाऊ, चाल ना. तुह्याशिवाय बरं नाही वाटत."

"टाकी भराची हाये," सुखदेव म्हणाला.

टाकी कधीच भरली होती. सायकल काढून तो मोहगावच्या रस्त्यानं निघाला आणि गाव मागं पडल्यावर बांधाशी उतरून, तोंडात गमछा कोंबून रडला.