शेजाऱ्यांच्या खिशातली गोळी

जवाहरनगरातले आमचे शेजारी त्यांना डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲसिडिटीची गोळी लग्नाच्या पंगतीत सुपारीसारखी वाटत. "घे गा, मंग रस्सा बिनधास्त हान!" मी आज्ञाधारक, हाणत असे.

आंधळगावच्या लग्नात मी आपणहून हात पुढे केला, तेव्हा ते थबकले. "काहून गा, रोजच जळजळ होऊन राहिली का तुले?" मी मान हलवली. गोळ्या खिशात परत गेल्या, माझी रश्श्याची वाटीही त्यांनी उचलली. सकाळी मला दवाखान्यात नेलं.

"अशानं खरा आजार झाकला जातो! गोळ्या दिल्या कोणी?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. मी पंख्याकडे पाहू लागलो. शेजाऱ्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

तपासणीत खादाडपणाशिवाय काही निघालं नाही. आता ते पंगतीत बडीशेप वाटतात. पहिली चिमूट मलाच.