बेदाण्यांच्या खोलीतली थंडी

बर्फात चालायला जायचं तर थंडीची सवय हवी, आणि थंडीची सवय करायला आमच्याकडे घरचीच सोय होती. माझे मामा पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन ऑपरेटर होते. डिसेंबरात सगळा तालुका ऊन शोधत फिरायचा तेव्हा मामा उन्हातून उठून आत गारठायला जायचे, तेही रोज, नोकरी म्हणून. ही नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. मी इंदिरानगरला राहत होते, एका कचेरीत नोकरी करत होते आणि सुट्टीच्या दिवशी गड चढत होते. चार गड जास्त झाले की माणूस शेफारतो, तशी मी शेफारले होते.

आमच्या मंडळाने त्या वर्षी हिमाचलात जायचं ठरवलं. एका खिंडीपर्यंत बर्फातून चालत जायचं आणि परत यायचं, एवढंच. पण आम्ही त्याला मोहीम म्हणायचो. मामांच्या कानावर गेलं तसे ते म्हणाले, "तायडे, मलाबी ने."

मामींना वाटलं, थट्टा करताहेत. पण मामा थट्टा करत नव्हते. "आख्खी नोकरी बर्फ काढण्यात गेली माझी," ते म्हणाले. "पाइपावर बर्फ धरला की मालक वरडतो. बर्फ म्हंजे आमच्याकडं तक्रार. मशीन न लावता पडलेला बर्फ एकदा बघायचाय मला. त्या खिंडीत जाऊन हात घालायचाय त्यात."

द्राक्षांचा हंगाम जानेवारीत सुरू व्हायचा, त्याआधी त्यांना सुट्टी मिळण्यासारखी होती. मी मंडळाच्या म्होरक्याला गळ घातली. हा एका बँकेत कामाला होता, माझ्याच वयाचा, गळ्यात कायम शिट्टी. त्याने मामांना पांडवलेणीच्या पायऱ्या चढून दाखवायला सांगितलं. मामा धोतराचा सोगा हातात धरून न थांबता वर गेले आणि वरून त्यालाच हाका मारू लागले. मग नाही म्हणायला जागाच उरली नाही.

तयारी आम्ही जोरात केली. देवळाली कॅम्पातून जुने लष्करी बूट आणले. आईने माझ्यासाठी दुहेरी लोकरीचा स्वेटर विणला, इतका जाड की हात अंगाला चिकटेनात. मोज्यांवरून घालायला घरोघरच्या दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत टाकल्या. रोज सकाळी पाठीवर वजन घेऊन पांडवलेणी चढायची. तिथे निम्म्या वाटेवर घाम फुटायचा आणि माझा स्वेटर कमरेला यायचा. एवढं रोज डोळ्यांसमोर घडत होतं, पण त्यातून काही शिकावं असं मला वाटलं नाही. ती नाशिकची थंडी, तिला कोण थंडी म्हणतं!

खरी तयारी पिंपळगावला. रविवारी मी एसटीने जायचे. कोल्ड स्टोरेजच्या खोलीत त्या दिवसांत बेदाण्यांची खोकी रचलेली असायची, गोडसर वास यायचा, आणि वर पंख्यांची घरघर. दाराशी मामांचा एक नियम होता. नवा हमाल आला की त्याला तो दारातच ऐकायला मिळायचा, मलाही मिळाला. "दार उघडायच्या आधी समदं अंगावर. कोट, टोपी, मोजे. आणि भायेर येईस्तोवर एक बटण काढायचं नाय. मग थंडीचा बाप आला तरी काय करत नाय." मी सगळं चढवून आत खोक्यावर बसून राहायचे. मामा शेजारी. गप्पा मारत बसलं की वेळ सहज जायचा. बाहेर आल्यावर मामा माझे हात चाचपून बघायचे आणि मान डोलवायचे. मला वाटायचं, झालं, हिमालय खिशात.

निघण्याआधीच्या बैठकीत म्होरक्याने सांगितलं, "पातळ कपडे एकावर एक घाला. चालताना काढायचे, थांबलं की घालायचे. अंगात सुती काही नको." मी मागून म्हणाले, "आमची तयारी झालीये, अगदी शून्याखाली." सगळे हसले आणि वळून मामांकडे बघू लागले. मामा खुर्चीत सरसावून बसले. नंतर पोरांनी त्यांच्याभोवती गराडा घातला, हे किती गार असतं, ते किती गार असतं असं विचारत. इतका मान त्यांना उभ्या जन्मात कोणी दिला नसावा. तो मी मिळवून दिला म्हणून मी खूश होते.

हिमाचलातल्या मुक्कामी पोचलो तर बर्फ असा नव्हताच. देवदारांच्या सावलीत थोडा होता, मळका, खेचरांनी तुडवलेला. मामांनी तो बुटाने ढकलून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो नाय. खिंडीतला बघू."

सकाळी निघताना आम्ही दोघांनी नियम पाळला. सुती बनियन, त्यावर सुती सदरा, त्यावर आईचा स्वेटर, त्यावर मामांनी कोल्ड स्टोरेजमधून आणलेला जाड कोट, माकडटोपी. मामांनी माझी बटणं गळ्यापर्यंत लावून दिली. चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या. म्होरक्या थांबून म्हणाला, "कोट काढा. स्वेटरही काढा." मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात बटणाकडे गेलाही होता. मी म्हणाले, "आम्हाला सवय आहे. तुम्ही चला पुढे." मामांचा हात खाली आला. थोड्या वेळाने मात्र त्यांनी कोटाची वरची बटणं हळूच काढली. ते माझ्या मागे चालत होते, म्हणून मला दिसलं नाही, मागच्या मुलींनी नंतर सांगितलं.

डोंगराच्या उघड्या धारेवर आलो आणि वारं सुरू झालं. बेदाण्यांच्या खोलीत वारं म्हणजे पंख्याचं, आणि तिथे आम्ही कोरड्या अंगाने बसलेले असायचो. इथे मी आतून चिंब होते. सगळे पाणी प्यायला थांबले आणि माझं अंग थडथडायला लागलं. आधी मी हसले. मग पाण्याची बाटली हातातून पडली आणि उचलता येईना. बोलायला गेले तर जीभ जड झाली, दारू प्यायल्यासारखी.

म्होरक्या धावत आला. त्याने माझ्या कॉलरमधून हात घातला आणि ओला हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. "हे बघा," तो ओरडला, "पिळून काढा हिला! काय सांगितलं होतं मी? कोणाच्या डोक्यातून निघालं हे?"

आणि मी, दात वाजत असताना, जीभ वळत नसताना, एवढं एक वाक्य मात्र सगळ्यांना नीट कळेल असं बोलले. "मामांनीच सांगितलं होतं."

मंडळातल्या दोघी मुलींनी मला खडकाच्या आडोशाला नेलं. आडोसा पुरत नव्हता, म्हणून कोणीतरी ब्लँकेट धरायला हवं होतं. ते मामांनी धरलं, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात ताणून. त्या मुलींनी मला लहान पोराला उतरवावं तसं कपड्यांतून उतरवलं, पुसलं आणि स्वतःचे कोरडे कपडे घातले. माझ्याच्याने एक बाही घालवत नव्हती. लाज वाटली, पण ती त्या मुलींपुढे उघडं व्हावं लागल्याची नव्हती. ब्लँकेटच्या वर मामांची माकडटोपी दिसत होती, वाऱ्यात हलत होती, आणि तिच्याकडे माझ्याने बघवेना.

मला खाली न्यायला कोणीतरी हवं होतं. म्होरक्या म्हणाला, "पुढचं वळण घेतलं की सगळं पांढरं आहे. मामा, तुम्ही जा, मी एखाद्याला हिच्याबरोबर पाठवतो." मामा म्हणाले, "नाय. माझी भाची हाय." त्यांनी वळणाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा ओला स्वेटर आणि कोट खांद्यावर टाकून ते माझ्या पुढे उतरू लागले. मी जाताना "तुम्ही जा ना वर" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही, कारण मला एकटीला भीती वाटत होती.

मुक्कामाच्या खोलीत त्यांनी मला चहा पाजला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तेच म्हणाले, "माझं चुकलं, तायडे. काय वंगाळ झालं असतं तर आक्काला काय तोंड दाखवलं असतं?" आक्का म्हणजे माझी आई. मी म्हणाले, चूक माझी, तुम्ही तर बटण काढत होतात. त्यांनी ऐकलं नाही. माझं ते वाक्य त्यांच्यापर्यंत आधीच पोचलं होतं, त्याच्यावर आता दुसरं कुठलं चढेना.

घरी आल्यावर मामींनी विचारलं, "मग, बर्फ पाहिला का?"

"पायला की."

"कसा असतो?"

"गार," मामा म्हणाले आणि अंघोळीला गेले.

पुढच्या वर्षी मंडळ पुन्हा निघालं तेव्हा मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, गुडघा दुखतो. दोन हजारनंतर माझं लग्न झालं, आम्ही मनालीला निघालो, तेव्हा मी गाडीने चला म्हणून मागे लागले. चालायचंच नाही, गाडी थेट बर्फापाशी जाते, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचा गुडघा तेव्हाही दुखत होता. पिंपळगावात ते सायकलवरून फिरत होते.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात मी नवऱ्याला कोल्ड स्टोरेज दाखवायला नेलं. मामा निवृत्तीला आले होते. दाराशी दोन नवे हमाल उभे होते, पातळ शर्टात, हात चोळत. मी वाट पाहत होते की आता मामा त्यांना ओरडतील, दार उघडायच्या आधी समदं अंगावर. नवऱ्याला मी वाटेत त्याची नक्कल करूनही दाखवली होती. मामा त्या पोरांना काहीच बोलले नाहीत. खुंटीवरचा तोच जाड कोट त्यांनी काढला, हातात घेतला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

"तायडे," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "ह्यो आत्ताच घालू, का आत गेल्यावर?"

हमाल ऐकत होते. माझा नवरा हसला, त्याला वाटलं मामा गंमत करताहेत.

"आत्ताच घाला, मामा," मी म्हणाले. "इथे तुमचंच बरोबर आहे."

त्यांनी एक हात बाहीत घातला आणि थांबले.

"नक्की ना?"